दोन नंबरचं दार

गोदामाच्या दाराला कुठला अँटेना लावायचा, असं कोणी फोनवर विचारलं की मी आता उत्तर देत नाही. "दार बघून सांगतो," म्हणतो. लोकांना वाटतं, म्हातारा भाव खातोय. पूर्वी मी फोन ठेवायच्या आत उत्तर द्यायचो. तशाच घाईत केलेल्या एका कामामुळे एका बाईच्या नावाला बट्टा लागला, आणि तो खोटा आहे हे ठाऊक असूनही मी चार वर्षं गप्प बसलो. संपादकांनी धंद्यातल्या गमतीजमती मागितल्या होत्या. त्याही आहेत. पण कागद पुढं ओढला की आधी हेच आठवतं, म्हणून हेच लिहितो.

आम्ही कुंभकोणमचे मराठी. तंजावरच्या राजांबरोबर आमचे पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे म्हणतात, "तुम्ही पोथीतल्यासारखं बोलता." म्हणून हा लेख माझ्या साडूनं, जो पुण्याला असतो, वाचून सरळ करून दिला आहे. शब्द त्याचे असतील, चूक माझी आहे.

काम काय करतो ते आधी सांगतो. दुकानातल्या कपड्याला एक चपटा स्टिकर असतो आणि पैसे न देता बाहेर पडलं तर दाराशी भोंगा वाजतो, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. माझं काम त्याच कुळातलं. गोदामातल्या प्रत्येक खोक्यावर एक टॅग चिकटवतात. त्यात बॅटरी नसते. दाराच्या दोन्ही बाजूंना अँटेना असतात, ते लहरी सोडतात. त्या लहरी टॅगला लागल्या की टॅग जागा होतो आणि आपला नंबर सांगतो. अँटेनामागं रीडर नावाची एक पेटी असते, ती नंबर ऐकून संगणकाला कळवते. म्हणजे खोकी दारातून ढकलगाडीवर गेली की कोणी न मोजता हिशेब होतो.

ऐकायला सोपं आहे. खरी अडचण ही की अँटेनाला "दार" समजत नाही. त्याला नुसतं ऐकू येतं. ताकद कमी ठेवली तर समोरून गेलेलं खोकंही ऐकू येत नाही, जास्त ठेवली तर शेजारच्या दारातलंही ऐकू येतं. लोखंडी शटरवर लहरी आपटून भलतीकडे जातात. पाण्याच्या बाटल्या त्या गिळून टाकतात. म्हणून प्रत्येक दारापाशी दोन दोन दिवस बसून, खोकी आडवी, उभी, उलटी फिरवून, किती ताकद पुरे हे ठरवायचं असतं. दारं जवळजवळ असतील तर मध्ये जाळी लावायची, म्हणजे एकाचं दुसऱ्याला ऐकू जाऊ नये. ही सगळी शहाणपणाची वाक्यं मी कित्येक वर्षं इतरांना शिकवली आहेत.

चेन्नईची नोकरी सोडून मी गावी परतलो तेव्हा पहिलं मोठं काम मिळालं ते औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याचं. त्यांना आपण कदिरेसन म्हणू. गावाबाहेर चेन्नईच्या रस्त्यावर त्यांचं गोदाम होतं. तीन दारं, एकाला लागून एक. दोन दारांच्या मध्ये दोन्ही हात पसरले तर दोन्ही शटरना बोटं लागतील एवढीच भिंत. त्यांना सगळं पोंगलच्या आत चालू करून हवं होतं.

मी हो म्हटलं. अँटेना मागवायला वेळ नव्हता. माझ्याकडे चेन्नईच्या एका कारखान्याच्या फाटकावरून उरलेले चार अँटेना पडून होते. ते ट्रकसाठीचे होते, लांबून येणारी गाडी ओळखायला. गोदामाच्या दाराला ते लावणं म्हणजे देवघरात समईऐवजी क्रिकेटच्या मैदानावरचा दिवा लावणं. मला हे माहीत होतं. एक आणि दोन नंबरच्या दारांना मी ते लावले. तिसऱ्या दाराला माझ्याजवळचे साधे, लहान लावले. जाळी नंतर लावू म्हटलं.

चाचणीच्या दिवशी तीन नंबरच्या दारापाशी ठेवलेलं एक खोकं दोन नंबरनं वाचलं. मी ते पडद्यावर पाहिलं. खोकं पायानं बाजूला सरकवलं आणि पुढच्या चाचणीला लागलो.

दोन नंबरच्या दारावर मंगैयर्करसी नावाची बाई होती. सगळे तिला मंगैअक्का म्हणत. चाळिशी उलटलेली, तिरुप्पनंदाळहून रोज बसनं येणारी. माल गाडीत चढताना मोजून घेणं हे तिचं काम. तिची पद्धत अशी की हमालानं ढकलगाडी दारात आणली की ती प्रत्येक खोक्याला हात लावायची. नुसतं बघून मोजायची नाही. मी तिला म्हटलं होतं, "अक्का, आता तुम्हाला हात लावायची गरज नाही. यंत्र मोजेल."

ती म्हणाली, "मोजू दे की सार. दोघांनी मोजलं तर काय बिघडलं?"

मला ते लागलं. माझ्या यंत्रावर अविश्वास, असं वाटलं. पहिल्या आठवड्यात दाराशी लावलेला भोंगा सारखा उगीचच वाजायचा, हमाल कावले होते, म्हणून मी तो बंद करून टाकला. दोन नंबरवरचा कॅमेरा बिघडला होता. कदिरेसननी दुरुस्तीचं विचारलं तेव्हा मीच म्हटलं, "आता कॅमेऱ्याचं काय काम? रीडर आहे ना."

महिनाभरानं एका सकाळी त्यांचा फोन आला. महागड्या इंजेक्शनांची सहा खोकी गायब होती. बिल नाही, ऑर्डर नाही. पण संगणकात नोंद होती. आदल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ती सहाच्या सहा दोन नंबरच्या दारातून बाहेर गेली होती. त्या वेळी दोन नंबरला लागली होती ती तिरुप्पनंदाळकडे जाणारी छोटी व्हॅन. तिचा मालक आणि ड्रायव्हर एकच, मंगैअक्काचा धाकटा भाऊ मुरुगेसन.

मी गेलो तेव्हा कदिरेसन यांच्या खोलीत ती उभी होती. दारात पाच-सहा हमाल. टेबलावर माझ्याच पडद्यावरच्या नोंदीचा छापील कागद.

"माझ्या दारातून ती गेली नाहीत," ती सांगत होती. "बावीस खोकी चढली. बावीसांना मी हात लावलाय. इंजेक्शनाचं एकही नव्हतं."

कदिरेसन माझ्याकडे वळले. "राव सार, तुम्ही सांगा. यंत्र खोटं बोलतं का?"

या प्रश्नाचं खरं उत्तर मला पाठ होतं. यंत्र खोटं बोलत नाही, पण शेजारच्या दारातलं ऐकून आपल्या दारातलं म्हणून सांगू शकतं. चाचणीच्या दिवशी सरकवलेलं ते खोकं माझ्या डोळ्यांपुढं होतं. कालची कच्ची नोंद, म्हणजे कुठल्या दारानं काय काय ऐकलं त्याची सगळी यादी, उघडून बघतो, तासभर द्या, एवढं म्हणायचं होतं. पण काम अजून त्यांनी माझ्याकडून ताब्यात घेतलेलं नव्हतं. गावातलं पहिलं काम. पहिल्याच महिन्यात "माझं यंत्र चुकतं" असं हमालांसमोर कोण म्हणेल?

मी म्हणालो, "यंत्र खोटं बोलत नाही, सार."

मंगैअक्का माझ्याकडे वळली. आदल्या दिवशी अकरा वाजता मी तिथंच होतो, एक नंबरच्या दाराशी केबल बांधत. ते तिला आठवत होतं.

"सार, तुम्ही काल तिथं होता. तुम्ही पाहिलंत का मला ती खोकी देताना?"

"मी पाहिलं नाही," मी म्हटलं. "यंत्रानं पाहिलं."

 तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढायला घेतलं, तर त्याची दोरी केसांत अडकली. कोणी मदतीला पुढं झालं नाही. ती दोरी सोडवत तशीच उभी राहिली, मला वाटतं मिनिटभर. मग कार्ड टेबलावर ठेवून गेली. पोलिसांत देत नाही, हे उपकार समज, असं कदिरेसन तिच्या पाठीमागून म्हणाले. मुरुगेसनच्या व्हॅनचं काम त्याच दिवशी बंद झालं.

चार दिवसांनी मी घरी बसून कच्ची नोंद उघडली. का उघडली हे सांगता येत नाही, कदाचित आपलं बरोबर आहे याची खात्री करून घ्यायला. त्यात सगळं होतं. ती सहा खोकी दोन नंबरनं वाचली होती तशी तीन नंबरनंही वाचली होती, पण क्षीण. तीन नंबरला त्या वेळी कारैक्कालचा मोठा ट्रक लागला होता आणि त्यात सलाईनच्या बाटल्या चढत होत्या. इंजेक्शनांची खोकी सलाईनच्या ढिगात चुकून मिसळली होती. सलाईननं लहरी गिळल्या, म्हणून तीन नंबरच्या लहान अँटेनाला नीट ऐकू आलं नाही. दोन नंबरच्या ट्रकवाल्या अँटेनानं मात्र शटरवरून परतलेल्या लहरींनी ती शेजारच्या दारातून स्पष्ट ऐकली. दोन दारांनी एकच खोकं ऐकलं तर ज्याला मोठ्यानं ऐकू आलं त्याचं खरं मानायचं, हा नियम माझाच.

तो ट्रक कारैक्कालच्या ज्या औषध दुकानाकडे गेला होता, तिथं मी फोन केला. गोदामातला माणूस शोधून आला आणि म्हणाला, "हो सार, सलाईनच्या मागं सहा खोकी आहेत. आमची नाहीत. कोणी विचारायला येईल म्हणून वाट बघत होतो."

मी कदिरेसनकडे गेलो. खोकी कारैक्कालला सापडली, हमालांनी चुकीच्या ट्रकमध्ये चढवली, असं सांगितलं. ते खूश झाले. मग म्हणाले, "पण मग यंत्रात दोन नंबर कसं आलं?"

"थोडं ट्यूनिंग करायचं आहे," मी म्हटलं.

ते हुशार माणूस. त्यांना कळलं. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "आता तिला परत बोलावलं तर बाकीचे हमाल डोक्यावर बसतील. शिवाय यंत्र आलंय, मोजायला माणूस कशाला? असू दे, राव सार."

आणि मी म्हणालो, "बरं."

त्या खोलीत त्या दिवशी आम्ही दोघंच होतो आणि दोघांनाही ते सोयीचं होतं. पुढच्या आठवड्यात मी देखभालीच्या नावाखाली चारही अँटेना बदलले. खोकं आडवं-उभं कसंही असलं तरी ऐकणारे, पण जवळचंच ऐकणारे बसवले, ताकद उतरवली, दारांच्या मध्ये जाळी ठोकली. त्यानंतर त्या गोदामात एकही चुकीची नोंद झाली नाही. त्या कामाचे फोटो दाखवून मला पुढची सहा-सात कामं मिळाली.

चार वर्षं गेली. तिरुविडैमरुदूरजवळ तांदळाचं एक मोठं गोदाम झालं, त्याच्या मालकांनी बोलावलं. मी दारं मोजत होतो आणि ते कौतुकानं सोबत फिरत होते.

"तुम्हालाच का बोलावलं माहीत आहे? कदिरेसनकडे तुमच्या यंत्रानं चोर पकडला म्हणे. आपल्या भावाच्या व्हॅनमध्ये माल घालत होती ती बाई. गेल्या वर्षी माझ्याकडे काम मागायला आली होती. मी नाव ऐकलं आणि गेटावरूनच परत पाठवली. तुमच्या यंत्रामुळे वाचलो बघा."

माझ्या हातात मोजपट्टी होती. मी आकडा वाचून वहीत लिहिला. त्यांनी कॉफी मागवली, ती प्यायलो. तिथंही बोललो नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं मी जे केलं ते वाचून कोणाला मी बरा माणूस वाटायचा. ती बाई कशी आहे, काय करते, हे चार वर्षांत मी एकदाही कोणाला विचारलं नव्हतं.

घरी दुपारी जेवायला बसलो.  बायकोनं नव्या कामाचं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती शाळेत मुख्याध्यापिका होती. पोरांचे कबुलीजबाब ऐकायची तिला सवय. तिनं मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. मी थांबल्यावर म्हणाली, "मज सांगून काय होय? तिज सांगा जाऊन."

दुसऱ्या दिवशी तिरुप्पनंदाळला गेलो. घर विचारत विचारत सापडलं. मंगैअक्का ओसरीवर शिलाई मशीनशी बसून ब्लाऊज शिवत होती. नवरा आत कापड बेतत होता. तिनं मला लगेच ओळखलं. "या सार," म्हणाली, उठली नाही.

मी उभ्यानंच सांगितलं. ट्रकचा अँटेना, सलाईन, कारैक्काल, कच्ची नोंद, कदिरेसनची खोली. काही वाक्यं मी बसमध्ये जुळवून आणली होती, ती ऐनवेळी आठवली नाहीत. शेवटी म्हणालो, "तुमच्या दारातून ती खोकी गेली नव्हती, अक्का. तुम्ही निर्दोष होता."

तिनं मशीनवरचा पाय उचलला.

"हे मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "मला माहीतच होतं. मी हात लावून मोजली होती. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

"कोणाला?"

"त्या दिवशी खोलीत कोण कोण होतं ते तुम्हाला आठवत नाही? मला आठवतं." तिनं एकेकाचं नाव घेतलं. मालक आणि सहा हमाल. "त्यांच्यासमोर सांगा. मी पण येते. आणि कागदावर लिहून द्या. तोंडचं कोण धरतं?"

नवरा आतून बाहेर आला होता. "आता हे सगळं उकरून काय मिळणार?" तो म्हणाला.

"तू बाजारात जातोस, तुला कोणी विचारत नाही," ती त्याला म्हणाली. "मला विचारतात."

कदिरेसन आधी फोनवर ओरडले. मी येणार आहे आणि तिला घेऊन येणार आहे, एवढंच म्हणून ठेवला. हमालांतले दोघे काम सोडून गेले होते. मंगैअक्कानं स्वतः त्यांच्या घरी निरोप धाडला. दोघंही आले. जेवणाच्या सुट्टीत तीन नंबरच्या दारापाशी सगळे जमले. मी अँटेना दाखवून समजावायला लागलो तेव्हा तिनं मला अडवलं. "ते नको सार. सरळ सांगा."

मी सरळ सांगितलं. यंत्र चुकलं नव्हतं, मी चुकीचं बसवलं होतं. मला संशय होता तरी मी बोललो नाही. नंतर मला खात्री झाली तरी मी बोललो नाही. सगळ्यात म्हातारा हमाल, अय्यावू, मान खाली घालून ऐकत होता. तो तिला म्हणाला, "अक्का, मी तेव्हा विश्वास ठेवला होता." ती म्हणाली, "माहीत आहे, अण्णा."

कदिरेसन खुर्चीवरून म्हणाले, "झालं ते झालं. हवं तर सोमवारपासून ये कामाला."

"कागद," ती म्हणाली.

त्यांच्या माणसानं संगणकावर टाइप करून आणला. अमुक दिवशी नोंदीत चूक झाली, सदर कर्मचारी निर्दोष आहे, वगैरे. तिनं तो उभ्यानं दोनदा वाचला आणि माझ्यापुढं धरला.

"'चूक झाली' असं लिहिलंय. कोणाची ते लिहा."

कदिरेसननी माझ्याकडे पाहिलं. मी कागद परत टाइप करायला लावला. त्यात माझं पूर्ण नाव घातलं, गप्प राहिलो हेही घातलं, आणि सही केली. तिनं त्याच्या पंधरा प्रती काढून घेतल्या. त्यातली एक मी स्वतः तिरुविडैमरुदूरच्या तांदळाच्या गोदामात नेऊन दिली. मालकांनी वाचली, घडी केली आणि "कळवतो" म्हणाले. त्यांनी कळवलं नाही, आणि त्यात काही गैर नाही. धंदा त्यानंतर कमी झाला. जी कामं येतात त्यांना मी दोन दोन दिवस दारापाशी बसतो.

कदिरेसनकडे ती परत गेली नाही. "तिथं रोज कोणाकोणाची तोंडं बघू?" म्हणाली. हल्ली ती कुंभकोणमच्या एका कापडाच्या घाऊक दुकानात माल मोजून घेते. तिनं तिथं मुलाखतीला जाताना तो कागद पुढं केला होता, असं मला अय्यावूनं सांगितलं.

पण त्या दिवशीचं एक राहिलं. गोदामातून बाहेर पडल्यावर ती बसस्टॉपवर थांबली आणि म्हणाली, "माझ्या भावालाही सांगा." मुरुगेसन तिरुप्पूरला एका कापडाच्या कारखान्यात दुसऱ्याची गाडी चालवत होता. चार वर्षांत तो बहिणीशी मोजकंच बोलला होता. तिच्यामुळे आपल्याला चोराचा भाऊ म्हणतात, असं त्याच्या मनात बसलं होतं. तिनं फोन लावून माझ्या हातात दिला.

त्यानं माझं नाव ऐकून फोन बंद केला. तिनं परत लावला.

या वेळी त्यानं ऐकून घेतलं. मी सगळं सांगितलं, कागद दिलाय तेही सांगितलं, त्यात काय काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. पलीकडून गाड्यांचे आवाज येत होते.  मंगैअक्का माझ्या तोंडाकडे बघत होती.

मग तो म्हणाला, "सार, ती व्हॅन मी विकली. ते लिहिलंय का त्यात?"

मी कागद परत एकदा वाचल्यासारखं केलं.

"नाही," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. "अक्काला द्या फोन."

मी फोन तिच्या हातात दिला आणि त्यांचं बोलणं ऐकू येणार नाही इतका लांब जाऊन उभा राहिलो.